‘मी पोचले’ म्हणणारा समीर

परवा इथे मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉयमध्येच एका बारशाला गेले होते. बाळ ढाराढूर झोपलेलं, पाळण्याभोवती बायका, आणि पुरुषमंडळी नेहमीप्रमाणे हातात ताटं घेऊन टीव्हीवरच्या फुटबॉलसमोर उभी. त्यातला एक मुलगा, पुण्याहून नुकताच आलेला, कडक इस्त्रीच्या कुर्त्यातला, दुसऱ्याला म्हणाला, "आपला एक मराठी माणूस जनरल मॅनेजर होता ना यातल्या एका टीमचा? सॅम का कोण तो?"

"हो यार. त्याला फायर केलं. दुखऱ्या गुडघ्याचा प्लेअर घेऊन बसला होता."

"त्याची चूक नव्हती पण. प्लेअरच्या घरच्यांनी फसवलं. आधीची इंज्युरी लपवली म्हणे."

माझ्या हातातला श्रीखंडाचा चमचा तोंडाशी जाता जाता थांबला. ‘म्हणे’! या दोन अक्षरांनी मराठीत जितकी माणसं बदनाम केली असतील तितकी शिव्यांनीही केली नसतील. शिवी देणारा निदान समोर उभा असतो. ‘म्हणे’ला ना आई ना बाप.

मी म्हटलं, "कोणी लपवलं रे?"

"काकू, न्यूजमध्ये होतं."

"न्यूज त्या घरात होती का? मी होते. त्या स्वयंपाकघरात, खुर्चीवर, पैठणी नेसून बसले होते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हातारीला साखर चढली असं त्यांना वाटलं असणार. मग एकाने मला पाणी आणून दिलं. पाणी! म्हणून आता लिहिते आहे. लिहिणाऱ्या म्हातारीला कोणी मधेच पाणी देत नाही.

त्यांचा सॅम म्हणजे आमचा समीर, माझ्या समोरच्या घरातल्या कुंदाचा मुलगा. त्याचे वडील गाडीच्या कारखान्यात इंजिनियर होते, ते पोरगं रांगत असतानाच गेले. पुढे त्याला कुंदाने वाढवलं आणि रस्त्याच्या अलीकडून मी सल्ले दिले. घरात मराठी बोलणारं माणूस म्हणजे कुंदा, नाहीतर मी. त्यामुळे मुलगा मराठी शिकला ती आमची. "मावशी, मी आले." "मी जेवले." "मी खूप दमले आज." मिशी फुटली, सव्वासहा फूट उंची झाली, आवाज ढोलासारखा झाला, तरी दारातून खाली वाकून आत यायचं आणि म्हणायचं, "मावशी, मी आले!"

मी सांगायची, "अरे, तू मुलगा आहेस. आलो म्हण."

"बट यू से आले."

"मी बाई आहे."

"आईपण आले म्हणते."

"तीही बाईच आहे मेल्या!"

त्यावर तो विचारात पडायचा आणि म्हणायचा, "ओके. समजले."

एकदा निघताना "मी जाते" म्हणाला, तेव्हा मात्र मी त्याचा कान धरला. म्हटलं, आपल्यात ‘जाते’ म्हणत नाहीत, अशुभ असतं. ‘येते’ म्हणावं. म्हणजे परत येणं होतं. ते त्याने पक्कं लक्षात ठेवलं. तेव्हापासून त्या दारातून समीर कधीही गेला नाही, नेहमी ‘येते’ म्हणूनच निघाला.

त्याला फुटबॉलचं वेड लागलं तेव्हा मी तरुण होते, म्हणजे मूर्ख होते आणि एम.एस्सी. होते. हे मिश्रण फार वाईट. कुंदाला मी चहा पिता पिता ठामपणे सांगितलं, "ज्या खेळाचं नाव पायावरून आहे आणि चेंडू हातात धरतात, त्या खेळातल्या लोकांचं काही खरं नाही. पोराला डेंटिस्ट कर." माझी त्या काळातली सगळी भाकितं अशीच होती. कॉम्प्युटरचं फॅड टिकणार नाही हेही मी याच खुर्चीत बसून सांगितलं होतं, आणि सांगितलं होतं ते माझ्या नवऱ्याला, जो कॉम्प्युटरवर पोट भरत होता. कुंदा शांतपणे म्हणाली, "त्याला खेळायचं नाहीये गं. त्याला बघायचंय."

आणि खरंच, समीर बघायचा. शाळेच्या संघात तो कायम बाकावर बसून असायचा, कारण अंगात नुसतीच उंची. पण मैदानात कोण कसा पळतो, पडल्यावर कोणत्या हातावर उठतो, हे त्याच्या डोळ्यांत साठायचं. कॉलेजात संघाचा सराव उंच मचाणावर चढून कॅमेऱ्यात टिपायचं काम त्याने घेतलं. मिशिगनच्या थंडीत! कुंदा विणून विणून दमली, एवढे मफलर लागले. मग स्काउट झाला. म्हणजे गावोगाव गाडी हाणत कॉलेजची पोरं बघत फिरायचं आणि कोणता पोरगा मोठ्या संघाला चालेल ते सांगायचं. वर्षानुवर्षं मोटेलात झोपला, गाडीत जेवला. गाडीत मेतकुटाची बाटली असायची. मोटेलातल्या उकडलेल्या बटाट्यावरही तो मेतकूट घालायचा.

माणसाच्या चेहऱ्याच्या आधी तो गुडघे बघायचा. मी जिना उतरत असले की खालून आवाज यायचा, "मावशी, डावा गुडघा. यू आर चीटिंग." मी म्हणायची, काही दुखत नाही. "तू बोलते नाही दुखत. गुडघा बोलतो दुखतो. मी गुडघ्याचं ऐकते." डॉक्टरकडे गेले तर डावाच निघाला.

आणि मग एका संघाने त्याला जनरल मॅनेजर केलं. संघाचं नाव मी घेणार नाही. आमच्या मिशिगनचा नव्हे, दूरचा. त्यांचं नाव माझ्या लेखणीतून जावं एवढी त्यांची लायकी नाही. मी कुंदाला विचारलं होतं, "जनरल मॅनेजर म्हणजे हॉटेलात असतो तसा?" ती म्हणाली, "नाही गं. कोच खेळवतो. खेळायला माणसं कोणती आणायची, कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, हे हा ठरवणार." माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हटलं, "म्हणजे मध्यस्थ! स्थळं बघणारा!"

हसू नका. दर वर्षी कॉलेजातून पोरं बाहेर पडतात आणि सगळे संघ पाळीपाळीने एकेक निवडतात. त्याआधी घरी जायचं, आईबापांशी बोलायचं, पोरगा चालून दाखवतो, उंची-वजन बघायचं, काही खोड आहे का विचारायचं. हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम नाही तर काय आहे? आणि मध्यस्थाचं नशीबही तेच. लग्न टिकलं तर ब्रह्मदेवाने गाठी बांधल्या होत्या. मोडलं तर मध्यस्थाने गळ्यात मारलं.

नेमणुकीच्या दिवशी पत्रकारांसमोर तो निळ्या सुटात उभा होता. आम्ही इथे टीव्हीपुढे. सगळं इंग्रजीत बोलून झाल्यावर त्याने थेट कॅमेऱ्यात पाहिलं आणि म्हणाला, "आई, मी पोचले."

कुंदा ढसाढसा रडली. आणि आमच्या मंडळींनी काय केलं? तेवढाच तुकडा कापून व्हॉट्सॲपवर फिरवला. खाली हसरे चेहरे. ‘पोचली का गं बाई?’ नेपरव्हिलहून, अल्फारेटाहून, जिथे जिथे चार मराठी घरं आहेत तिथून तो फिरून माझ्याकडे आला. यांची स्वतःची मुलं आजीशी फोनवर ‘हाय’च्या पुढे जात नाहीत, आणि हे हसणार. जगासमोर एक माणूस आईला तिच्या भाषेत हाक मारतो, तर यांना क्रियापद दिसलं.

आता त्या स्वयंपाकघराकडे येते.

तो वसंतात घरी आला होता. कुंदाला आणि मला ओहायोत कोलंबसला एका लग्नाला जायचं होतं. समीर म्हणाला, "मी सोडते. बट वाटेत एका मुलाच्या घरी थांबायचं." आम्ही दोघी पैठण्या नेसून, नथी घालून गाडीत. मांडीवर आहेराच्या बुंदीच्या लाडवांचा डबा. गाव कसलं, धान्याचं एक उंच कोठार, एक गॅस स्टेशन आणि एक चर्च. बाहेर बर्फाचा चिखल. गाडीत बसून राहिलो असतो तर गारठलो असतो, म्हणून समीर आम्हालाही आत घेऊन गेला.

दार उघडलं मुलाच्या आईने. लोरेटा तिचं नाव. तिने आमच्या नथींकडे पाहिलं आणि समीरला विचारलं, "या वकील आहेत का?"

"नाही मॅम. ही माझी आई. ही माझी मावशी."

"मग बसा. वकील असतात तर उभंच ठेवलं असतं."

तिथेच मला ती आवडली.

मुलगा आला. डेशॉन. दारात मावेना एवढा, आणि नजर मात्र जमिनीवर, अगदी पाहायला आलेल्या मंडळींसमोर मुलीची असते तशी. मैदानात त्याचं काम असं की, चेंडू फेकणाऱ्या पोराच्या पुढे भिंतीसारखं उभं राहायचं आणि त्याला मार बसू द्यायचा नाही. टाळ्या मागच्याला, ठोसे याला. मला राहवेना. मी विचारलं, "स्वयंपाक येतो का?"

कुंदाने मला टेबलाखालून लाथ मारली. मुलगा म्हणाला, "अंडी येतात, मॅम. आणि भांडी घासतो."

मी कुंदाला मराठीत म्हटलं, "हो म्हणून टाक."

लोरेटाने मक्याचा गरम पाव कापून पुढे ठेवला आणि सुरी खाली ठेवत समीरला म्हणाली, "एक गोष्ट. शाळेत असताना हा शेजाऱ्यांच्या कोठाराच्या छपरावरून पडला. उजवा गुडघा. ऑपरेशन झालंय. फार थंडी असली की सुजतो. हा तुम्हाला सांगेल सुजत नाही. मी सांगते, सुजतो."

"मॉम!" डेशॉन म्हणाला.

"गप्प बस. उद्या माझ्या दारात उभं राहून कोणी म्हणायला नको की आम्ही लपवलं."

समीरने त्याला बाहेरच्या पायऱ्या चढायला-उतरायला लावल्या. स्वतः चिखलात उकिडवा बसला, सूट आणि सगळं घेऊन, आणि नुसता त्या गुडघ्याकडे बघत राहिला. मग आत आला, हात धुतले आणि लोरेटाला म्हणाला, "तुम्ही लपवलं असं कोणी कधी म्हणणार नाही. हा माझा शब्द."

निघताना कुंदाने लाडवांचा अख्खा डबा डेशॉनच्या हातात दिला. लग्नाला आम्ही रिकाम्या हाताने गेलो. गाडीत मी विचारलं, "गुडघ्यात खोट आहे, तरी घेणार?"

"खोट नाही मावशी. खूण आहे. मालकांना सांगते मी सगळं. देन आय विल टेक हिम."

सांगितलंही त्याने. मालकांना, त्यांच्या मुलाला, डॉक्टरांना. सगळ्यांनी मान डोलावली. निवडीच्या दिवशी समीरने डेशॉनचं नाव घेतलं, तेव्हा सभागृहातल्या लोकांनी हुर्यो केली. त्यांना चेंडू घेऊन पळणारा कोणीतरी देखणा हवा होता. भिंत कोणाला हवी असते? पुढे दोन-तीन मोसम त्या भिंतीने असं काम केलं की मागचा चेंडू फेकणारा मोठा हिरो झाला. तेव्हा समीरचं नाव कोणी काढलं नाही. ब्रह्मदेवाच्या गाठी!

मधल्या काळात कुंदा गेली. थोडक्या दुखण्यात, झोपेत गेली. एका परीने बरं झालं, पुढचं तिला बघावं लागलं नाही.

म्हातारे मालक थकले आणि त्यांचा मुलगा संघाचा कारभार बघू लागला. त्याच हिवाळ्यात डेशॉनचा गुडघा मैदानावर मोडला. तोच, उजवा. नुकताच त्याच्याशी मोठा करार झालेला होता, तो मालकाच्या मुलाला आता नको झाला. कायदा असा की खेळताना मोडलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडता येत नाही. पण त्याने जुनं दुखणं लपवलं होतं असं ठरलं तर सोडता येतं. आणि हे ठरवायला हवा होता मध्यस्थ. मालकाच्या मुलाने समीरला बोलावून सांगितलं, "तू फक्त एवढंच बोल की तुला घरच्यांनी सांगितलं नव्हतं. तुझ्यावर काही येणार नाही. तुझीच फसवणूक झाली असं दिसेल."

किती गोड! स्वतःच्या कानांनी ऐकलेलं, मान डोलावलेलं, ते विसरायचं. आणि एका बाईला, जिने आपणहून, कोणी न विचारता, मुलाची उणी बाजू सांगितली, तिला गावात खोटी पाडायचं. मुलगी परत पाठवायची म्हणून तिच्यातच खोट होती असं उठवणारे सासरचे मी पाहिले आहेत. मला वाटलं होतं ती जात आपल्याकडेच होते. नाही हो, सगळीकडे होते. इथे सुटात असते, एवढंच.

समीर पत्रकारांसमोर उभा राहिला. मी इथे एकटी टीव्हीपुढे. तो म्हणाला, "त्याच्या आईने मला पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं. मी वरती सांगितलं. निवड माझी होती. आजही तीच करीन." एवढंच. कोणी प्रश्न विचारायच्या आत बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या दाराला त्याने कार्ड लावलं तर दिवा लाल लागला. इतक्या वर्षांच्या माणसाला दाराने सांगितलं. तोंडाने सांगायला कोणी खाली आलं नाही. वॉचमनने खोक्यातून त्याचं सामान आणून दिलं. कॉफीचा मग, कुंदाचा फोटो आणि मेतकुटाची बाटली. तो वॉचमन मात्र रडत होता, असं समीर म्हणाला. माणूस म्हणून तिथे तेवढा एकच दिसतोय.

आणि मग ते ‘म्हणे’ सुटलं. जे याच्या तोंडून वदवता आलं नाही ते निनावी तोंडांतून बाहेर पडलं. ‘आतल्या गोटातून समजतं की…’ आतला गोट! गोट कसला, गोठाच तो, शेणाचा वास येतो हो.

समीरने दिलेली त्या संघाची पहिली जर्सी मी जपून ठेवली होती, कपाटात, डांबरगोळ्या घालून. ती त्या दिवशी काढली, चार घड्या घातल्या आणि दाराशी पायपुसणं केलं.

समीर ट्रॉयला कुंदाच्या रिकाम्या घरात येऊन राहिला. माझ्याकडे जेवायला यायचा. मी मालकाच्या मुलाचा उद्धार करायची आणि तो मटार सोलायचा. "तू टीव्हीवर जाऊन सांग ना!" मी ओरडायची. "सांगितलं मी एकदा, मावशी. खरं दोनदा सांगितलं की खोटं वाटतं." मला ते पटलं नव्हतं. अजूनही पटलेलं नाही. खरं दहादा सांगावं, ओरडून सांगावं, बारशात सांगावं.

रिकामा वेळ होता म्हणून तो रविवारच्या मराठी शाळेत जाऊ लागला, आणि तेही शिकायला! छोट्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसायचा. शेजारच्या फ्रॉकवाल्या चिमुरडीने त्याला खडसावलं, "काका, तुम्ही बॉय आहात. गेलो म्हणा, गेलो!" जे मला आयुष्यभरात जमलं नाही ते तिने खडूच्या धाकावर करून घेतलं.

करार मोडता आला नाही म्हणून डेशॉन संघातच राहिला. गुडघा बरा झाला. पुढच्या मोसमात संघ जिंकत गेला, जिंकत गेला, आणि शेवटी सगळ्यात मोठी स्पर्धाही जिंकला. समीरने निवडलेली पोरं, एकूण एक. विजयाची मिरवणूक टीव्हीवर होती. मालकाचा मुलगा करंडक घेऊन व्यासपीठावर, वरमाईसारखा फुललेला. म्हणतो कसा, "आमच्या कुटुंबाने डेशॉनवर पहिल्या दिवसापासून विश्वास ठेवला."

मी रिमोट भिरकावला. तो सोफ्याला लागला आणि आवाज आणखी मोठा झाला.

"ऐकतोयस ना? ऐकतोयस ना रे हा काय बोलतोय ते?"

समीर ऐकतच नव्हता. तो टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उकिडवा बसला होता. पडद्यावर व्यासपीठाच्या पायऱ्या होत्या आणि डेशॉन त्या चढत होता. सगळं शहर करंडकाकडे बघत होतं आणि हा त्या उजव्या गुडघ्याकडे.

"बघ मावशी," तो म्हणाला. "कसा वाकतो. ब्युटिफुल."

मध्यस्थ शेवटच्या पंगतीला जेवतो हे माहीत होतं. पण पंगतीला न बोलावलेला मध्यस्थ इतक्या तृप्तीने ढेकर देताना मी पहिल्यांदाच पाहिला. मला राग आला त्याचा. खरं सांगते, मालकाच्या मुलाइतकाच आला.

मोठ्या संघांनी त्याला बोलावलं नाही. मालकाविरुद्ध बोलणारा माणूस कोणालाच नको असतो. एका लहानशा कॉलेजाने बोलावलं, पुन्हा पोरं बघायला, पुन्हा गावोगाव गाडी हाणायला. निघायच्या दिवशी सकाळी बर्फ पडत होतं. तो निरोप घ्यायला आला. दाराशी खाली पाहिलं, पायपुसणं ओळखलं आणि त्यावर बूट पुसले. एकदा पुसले असते तरी चाललं असतं. चांगले घोटून घोटून पुसले. तेवढंच काय ते त्याने त्या संघाविरुद्ध केलं.

मी मेतकुटाची नवी बाटली दिली. तो वाकला, पाया पडला, सरळ झाला आणि स्वच्छ, शुद्ध, शाळेतल्यासारखं म्हणाला, "जातो, मावशी."

अगदी बरोबर! मी आयुष्यभर ज्याच्यासाठी घसा फोडला ते क्रियापद. आणि निघताना नेमकं तेच म्हणायचं नसतं. तो गाडीत जाऊन बसला, काचेवरचं बर्फ बाजूला झालं, गाडी मागे जाऊ लागली. मी चपला न घालता पायरीवर गेले आणि ओरडले, "समीर! जातो नाही म्हणायचं! जातो नाही!"

गाडी थांबली. काच खाली आली. शेजारच्या घरातून कोणीतरी पडदा बाजूला करून पाहिलं. काचेतून एक लांब हात बाहेर आला, आणि ढोलासारखा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

"येते, मावशी! येते!"

मी दुरुस्त केलं नाही.